दुखणे वायफायचे, मूळ केबलचे

वाचकांचे प्रश्न

संशोधन संस्थांमधील जुन्या वायफायबद्दल गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे पुष्कळ पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व संस्थांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे फळपिकांचे संशोधन केंद्र असून मुख्य इमारत जांभ्या दगडाची आहे. २०११ मध्ये बसवलेले सात ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणाऱ्या पेट्या) अजून चालू आहेत आणि ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तेव्हा साठ-सत्तर लॅपटॉप होते; आज फोन, लॅपटॉप आणि संवेदक मिळून साडेतीनशेच्या आसपास उपकरणे जोडलेली असतात. ड्रोनने काढलेली बागेची छायाचित्रे एका उड्डाणाला ४० गिगाबाइटपर्यंत जातात आणि ती सर्व्हरवर चढवण्यात अर्धा दिवस जातो. दुपारी व्हिडिओ बैठक चालत नाही. सिग्नलच्या कांड्या मात्र पूर्ण दिसतात. यंदा अनुदान मिळाले आहे. पंधरा नवे ॲक्सेस पॉइंट घ्यावेत असे खरेदी समितीचे मत आहे. ते योग्य आहे का? (एक शास्त्रज्ञ, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : पंधरा हा आकडा कशावरून ठरला, हे आपण समितीला आधी विचारावे. खोल्या मोजून किंवा जुन्या संख्येची दुप्पट करून तो आला असेल, तर खरेदी थांबवणे संस्थेच्या हिताचे आहे. ॲक्सेस पॉइंट वाढवल्याने वेग वाढतोच असे नाही, आणि आपल्यासारख्या परिस्थितीत तो कमीही होऊ शकतो.

याचे कारण हवेच्या स्वभावात आहे. जुन्या वायफायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातील एका मार्गिकेवर, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीची सारी आपली पाळी येईपर्यंत थांबतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल व्यवहारात तीनच मिळतात : १, ६ आणि ११. तेव्हा एकमेकांना ऐकू येतील असे पंधरा ॲक्सेस पॉइंट त्या पट्ट्यात लावले, तरी पंधरा रस्ते तयार होत नाहीत. रस्ते तीनच राहतात आणि गाड्या वाढतात. सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसूनही काम अडते ते यामुळेच. त्या कांड्या आवाज किती मोठा ऐकू येतो एवढेच सांगतात. बोलायला पाळी कधी मिळेल, हे त्यांवरून कळत नाही.

या गर्दीत आणखी एक छुपा खर्च असतो, आणि माझ्या अनुभवात तो जवळजवळ प्रत्येक जुन्या संस्थेत आढळतो. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट आपल्या प्रत्येक नेटवर्क-नावाची घोषणा सेकंदाला साधारण दहा वेळा करतो. जुन्या मांडणीत ही घोषणा सर्वांत मंद, म्हणजे १ मेगाबिटच्या वेगाने होते आणि एका घोषणेला सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात. कार्यालय, विद्यार्थी, पाहुणे, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि चाचणी अशी सहा नावे ठेवली असतील, आणि एकाच चॅनेलवरचे तीन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकत असतील, तर दर शंभर मिलिसेकंदांतील पंचेचाळीसच्या आसपास नुसत्या घोषणांतच संपतात. एकही पैसा खर्च न करता नावे तीनवर आणावीत आणि १ व २ मेगाबिटचे जुने वेग बंद करावेत. त्या वेगांखेरीज चालत नाही असे एखादे अतिजुने उपकरण नाही ना, एवढे आधी तपासून घ्यावे. हा बदल एका दुपारचा आहे आणि अनुदानाची वाट पाहण्याचे त्यासाठी कारण नाही.

ड्रोनच्या छायाचित्रांचा प्रश्न मी वेगळा काढतो, कारण तो वायफायचा नाहीच. ४० गिगाबाइट म्हणजे ३ लाख २० हजार मेगाबिट. गर्दीच्या हवेत प्रत्यक्ष २० मेगाबिटचा वेग मिळत असेल, तर त्याला साडेचार तासांच्या जवळपास लागतात, आणि तेवढा वेळ त्या चॅनेलवरील इतर सर्वांची पाळी लांबते. साध्या गिगाबिट केबलवरून, सर्व्हरची डिस्क तो वेग सोसत असेल तर, हेच काम सहा-सात मिनिटांचे आहे. ज्या टेबलावर ड्रोनचे कार्ड उतरवले जाते, तेथे भिंतीत केबलचे एक टोक द्या. जे यंत्र जागचे हलत नाही, मग तो संगणक असो, प्रिंटर, कॅमेरा किंवा बैठकीच्या खोलीतील पडदा, ते तारेवर घ्यावे आणि हवा फक्त हिंडत्या उपकरणांसाठी राखावी. एवढे केले की उरलेल्या वायफायची गरज आपल्या अंदाजापेक्षा बरीच लहान निघेल.

त्यानंतर पाहणी. नकाशावर वर्तुळे काढून ती होत नाही; एक ॲक्सेस पॉइंट उंच काठीला बांधून, जेथे तो बसवायचा आहे तेथे उभा करून, लॅपटॉप हातात घेऊन इमारतभर फिरावे लागते. बैठका व फोनवरील बोलणे नीट चालायचे असेल तर वापराच्या जागी सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे माप) कमकुवत नसावा, असे सर्वसाधारण प्रमाण धरतात. या मापात दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक असतो, त्यामुळे उणे ७७ हा आकडा दिसायला जवळचा वाटला तरी प्रत्यक्षात फार दूरचा आहे. जांभ्याची दीड फुटी भिंत लाकडी किंवा जिप्समच्या आडभिंतीपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खाते, आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन बसली की आणखी खाते. शीतगृहाचे पत्र्याचे पॅनेल लहरी जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून आत नोंदी घ्यायच्या असतील तर ॲक्सेस पॉइंट आतच हवा, आणि तोही थंडी व दमट हवा सोसणारा. पॉलिहाउसचे प्लास्टिक अडथळा करत नाही, पण दाट, ओली पाने करतात. रोपे गुडघ्याएवढी असताना केलेली पाहणी ती डोक्याएवढी झाल्यावर खोटी ठरते. बागेतील पाहणी झाडे पूर्ण पालवलेली असताना करावी, असा माझा आग्रह आहे.

आता ज्या भागाकडे खरेदी समित्या पाहतच नाहीत, त्याकडे येतो. ॲक्सेस पॉइंट हा केबलच्या टोकाला लावलेला असतो आणि वीजही बहुधा त्याच केबलमधून घेतो. २०११ च्या सुमाराचे बहुतेक स्विच, म्हणजे या केबली जेथे एकत्र येतात त्या पेट्या, २००३ च्या प्रमाणानुसार एका टोकाला १५.४ वॉट देतात. नव्या ॲक्सेस पॉइंटना बहुतेक वेळा २००९ च्या प्रमाणातील ३० वॉट लागतात. कमी वीज मिळाली की ते बंद पडत नाहीत, काही रेडिओ मिटवून अर्ध्या ताकदीने चालतात, आणि दोष कोणाच्या लक्षात येत नाही. नवा स्विच घेतानाही चोवीस टोके आहेत एवढे पाहून भागत नाही. चोवीस टोकांना तीस वॉट म्हणजे ७२० वॉट होतात, पण पुष्कळ स्विचची एकूण क्षमता त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. ती माहितीपत्रकात शोधून पाहावी. केबल कॅट ५ई (गिगाबिट वेगाची नेहमीची तांब्याची केबल) असेल आणि शंभर मीटरच्या आत, नीट बसवलेली असेल, तर ती उपटायची गरज नाही. २०१६ मध्ये आलेल्या प्रमाणामुळे तिच्यावरून अडीच गिगाबिटही जातात. परंतु उंदरांनी कुरतडलेली, जोड देऊन लांबवलेली किंवा ट्यूबलाइटच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत कोंबलेली केबल बदलावीच. प्रत्येक टोक मोजयंत्राने तपासून त्याचा अहवाल घेतल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नये.

कोकणासाठी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल लटकवू नका. एका संस्थेत अशी केबल आंब्याच्या झाडावरून नेलेली मी पाहिली होती. ऑक्टोबरमधील एका वादळी संध्याकाळी वीज जवळच कोठेतरी पडली. दोन्ही बाजूंचे स्विच गेले, आणि त्यांच्यामागे जोडलेल्या एका महागड्या विश्लेषण-यंत्राच्या संगणकाचे जाळ्याचे टोकही जळाले. यंत्र परत सुरू व्हायला जो काळ गेला, त्यात त्या हंगामाचे नमुने हातचे निसटले. इमारतींमध्ये फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, घालावी आणि तिच्या आवरणात धातूची तार नसेल अशीच निवडावी. काचेतून वीज वाहत नाही. बाहेर खांबावर जे ॲक्सेस पॉइंट असतील त्यांना अर्थिंग आणि विजेची अचानक उसळी अडवणारा लाट-संरक्षक लावावा, आणि अर्थिंगचा रोध वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, वळवाच्या आधी मोजावा. सर्व ॲक्सेस पॉइंटची वीज स्विचमधून जात असल्याने त्या एका जागी चांगला यूपीएस बसवला की दिवे गेल्यावरही जाळे चालू राहते.

म्हणून अनुदानाचा क्रम मी असा लावीन : आधी फायबर, केबल, अर्थिंग आणि स्विच, मग पाहणीतून निघेल तेवढे ॲक्सेस पॉइंट. ते सातचे नऊ होतील किंवा अकरा. पंधराच लागले तरी ते कोठे आणि का, हे आपल्याला समितीसमोर मापे ठेवून सांगता येईल.

प्रश्न : आमच्या खरेदीच्या टिपणावर वायफाय ६ घ्यावे की ७ यावर वाद आहे. पुढील दहा वर्षांचा विचार करता नवे तेच घ्यावे ना? (भांडार विभागातील एक कर्मचारी, पुणे)

उत्तर : दहा वर्षे हे जाळ्यासाठी फार लांबचे माप आहे, सहा-सात वर्षे धरावीत. वायफाय ७ या ६ च्या पुढच्या पिढीचे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले आणि त्याचा मोठा लाभ ६ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात, ३२० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनेलवर मिळतो. भारतात त्या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. हा पट्टा ५०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे त्यात ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल एकच बसतो, आणि अनेक ॲक्सेस पॉइंट असलेल्या संस्थेत असा एकच रुंद चॅनेल सर्वांनी वापरणे म्हणजे पुन्हा जुन्याच गर्दीत जाणे होय.

याउलट ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने पुष्कळ मोकळा झाला आहे. त्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा मिळते, आणि २० किंवा ४० मेगाहर्ट्झचे अरुंद चॅनेल ठेवले तर शेजारच्या दोन ॲक्सेस पॉइंटना कधीही एकच चॅनेल द्यावा लागत नाही. वायफाय ६ याच पट्ट्यात एका वेळी अनेक उपकरणांना थोडी थोडी जागा वाटून देते, आणि साडेतीनशे लहान उपकरणांच्या संस्थेला गरज असते ती नेमकी याची. दरांत फरक थोडा असेल तर ७ घ्यायला हरकत नाही, पण त्या फरकापायी केबल किंवा स्विच कापावे लागत असतील तर ६ घ्यावे, असे मी निःसंदिग्धपणे सांगेन.

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर निविदा काढताना दोन गोष्टी नमूद कराव्यात. उपकरणाला दूरसंचार विभागाची रेडिओ-मान्यता असावी, आणि सर्व ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून चालवणाऱ्या कंट्रोलरचा वार्षिक परवाना संपल्यावर जाळे चालू राहते की बंद पडते, हे विक्रेत्याने लेखी द्यावे. दुसऱ्या अटीवाचून तिसऱ्या वर्षी अडकलेल्या संस्थांची पत्रे माझ्याकडे येतात, आणि तेव्हा त्यांना सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील एक वर्णपटमापी यंत्र विंडोज एक्सपीच्या संगणकावर चालते. तसेच मातीतील ओलावा मोजणारे चाळीस संवेदक आम्ही विद्यार्थ्यांच्या मदतीने स्वतः तयार केले आहेत. नवे वायफाय आले की हे सगळे बंद पडेल, अशी भीती वाटते. (एक संशोधक विद्यार्थिनी, अकोला)

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि ती आपण आधीच बोलून दाखवली हे चांगले झाले. घरी बनवलेल्या संवेदकांत सहसा जी स्वस्त चिप असते, ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क तिला दिसतच नाही. तेव्हा नव्या मांडणीत २.४ चा पट्टा पूर्ण बंद करू नये. सर्व माणसांना ५ वर न्यावे आणि २.४ संवेदकांसाठी, वेगळ्या नावाने व वेगळ्या आभासी जाळ्यात (त्याच उपकरणांवर इतरांपासून अलग ठेवलेल्या जाळ्यात), राखून ठेवावा. माणसे उठून गेली की तो पट्टा इतका शांत होतो की चाळीस संवेदकांना त्यात ऐसपैस जागा मिळते. या नावावर डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा-पद्धतीची सक्ती मात्र करू नये, कारण पुष्कळ जुन्या चिपना डब्ल्यूपीए२ च्या पुढचे काही कळत नाही.

एक्सपीच्या संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्या प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाले, आणि यंत्र चांगले असताना केवळ संगणकासाठी ते मोडीत काढावे असे मी सांगणार नाही. त्याला वायफायवर आणूच नये. तारेने एका बंदिस्त आभासी जाळ्यात ठेवावे, जेथून तो फक्त एका ठरलेल्या सर्व्हरवर फाइल ठेवू शकेल आणि इंटरनेट त्याला अजिबात दिसणार नाही. बदलाच्या आधी अशा प्रत्येक यंत्राची यादी आपणच करावी, कारण बाहेरून आलेल्या कंत्राटदाराला कोपऱ्यातील कोणता धुळकट संगणक कोणाच्या प्रबंधाचा आधार आहे, हे कळण्याचा मार्ग नसतो.

प्रश्न : आमच्या संस्थेत सर्वांना एकच पासवर्ड आहे आणि तो सूचना फलकावर लिहिलेला असतो. बदलायला गेले की शंभर तक्रारी येतात. काय करावे? (एक तंत्र-सहायक, नागपूर)

उत्तर : नवी उपकरणे येणार असतील तर हा बदल त्याच वेळी करावा, तक्रारी एकदाच येतील. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे आणि वायफायची ओळख-पडताळणी संस्थेच्या खात्यांच्या सर्व्हरवरून व्हावी. त्यासाठीची रेडियस ही व्यवस्था मोफत मिळणाऱ्या प्रणालीवरही चालते. विद्यार्थी प्रबंध देऊन गेला की त्याचे एक खाते बंद होते, बाकी कोणालाही काही बदलावे लागत नाही. एकाच पासवर्डच्या जाळ्यात पाच वर्षांपूर्वी गेलेला माणूसही फाटकाबाहेरून जोडला जाऊ शकतो, आणि काही आक्षेपार्ह घडले तर ते कोणी केले हे सांगता येत नाही.

हे सांगता येणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. सर्ट-इन या संगणक-सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. घड्याळाची अट किरकोळ वाटते, पण ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर यांच्या वेळेत सात मिनिटांचा फरक असला की दोन्हींच्या नोंदी एकमेकींशी जुळवणे कठीण होऊन बसते.

खात्यांची व्यवस्था झाली की एज्युरोम या शिक्षण-संशोधन संस्थांच्या सामायिक वायफाय-सेवेचे दार उघडते, आणि याबद्दल मला विशेष आस्था आहे. भारतात ही सेवा अर्नेट इंडिया ही शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे चालवणारी संस्था पाहते. तिचे सदस्य झाल्यावर आपला संशोधक बंगळूरला किंवा जर्मनीतील सदस्य विद्यापीठात गेला तरी आपल्याच संस्थेच्या खात्याने तेथील वायफायवर जोडला जातो, आणि त्यांचा पाहुणा आपल्याकडे. फलकावरचा पासवर्ड पाहुण्यांसाठी म्हणूनच तर लिहिलेला असतो. त्याची गरजच संपते. फोनमध्ये मांडणी करताना सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याचा पर्याय मात्र चालू ठेवावा. तो बंद ठेवला तर त्याच नावाचे बनावट जाळे उभारून कोणीही पासवर्ड मिळवू शकतो. विद्यार्थ्यांना मराठीत, चित्रांसह, एक पानाची सूचना द्या. शंभरपैकी नव्वद तक्रारी तेथेच मिटतात.

प्रश्न : आमची प्रयोगशाळा नारायणगावपासून फार दूर नाही. आम्ही वायफाय वाढवले तर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होईल का? (एक प्राध्यापक, जुन्नर तालुका)

उत्तर : असा प्रश्न स्वतःहून विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. खोडदची जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतील चौदा मध्यभागी आणि उरलेल्या तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ती साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकते, आणि वायफायचे २४०० किंवा ५००० मेगाहर्ट्झ त्याच्या वर आहेत. त्यामुळे थेट आडकाठी होत नाही. पण स्वस्त वीज-अडॅप्टर, एलईडी दिव्यांची चालक-मंडले, सदोष स्विच यांतून जो विद्युत-गोंगाट निघतो, तो खालच्या पट्ट्यांत पसरतो. आकाशातील ज्या संकेतांसाठी एवढी दुर्बीण उभारावी लागते, त्यांच्यापुढे तो गोंगाट प्रचंड असतो. म्हणून चांगल्या प्रतीचा वीजपुरवठा घ्यावा, इमारतींमध्ये फायबर घालावी, शक्ती गरजेपुरती ठेवावी, आणि बाहेरच्या खांबावर काही बसवण्यापूर्वी वेधशाळेला पत्र लिहून विचारावे.

वायफायवर रेडिओ-खगोलशास्त्राचे एक ऋणही आहे. बंद खोलीत भिंतींवर आपटून परत येणारे प्रतिध्वनी वायफायच्या संकेताचा चिखल करतात. त्यावरील एक महत्त्वाचा उपाय ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेत, जॉन ओ'सलिव्हन या रेडिओ-खगोलातून आलेल्या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी शोधला आणि त्याचे अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळाले. त्याच देशातील पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षे सापडणारे काही गूढ संकेत आवारातील मायक्रोवेव्ह भट्टीचे दार वेळेआधी उघडल्याने येत होते, हे २०१५ मध्ये उलगडले. आपल्या प्रयोगशाळेतही जेवणाच्या सुट्टीत २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय रडत असेल, तर त्या भट्टीकडे एकदा पाहावे. ती नेमकी त्याच पट्ट्यात चालते.

प्रश्न : काढलेल्या जुन्या ॲक्सेस पॉइंटचे काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्यांच्या स्मृतीत जाळ्याचे पासवर्ड आणि सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या असतात. कारखान्यातून आले होते तसे ते पुसून घ्यावेत, तसे केल्याची तारीख भांडाराच्या नोंदवहीत लिहावी, आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी झालेल्या पुनर्चक्रकाकडे पावती घेऊन द्यावेत. दुसऱ्या शाळेला दान देण्याचा मोह होतो. पण ज्याला निर्मात्याकडून सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे, असे उपकरण कोणालाही देऊ नये. नव्या जाळ्यातील एक इमारत महिनाभर नीट चालल्याशिवाय जुने ॲक्सेस पॉइंट भिंतीवरून उतरवू मात्र नयेत.